बास्केटबॉलचा शॉट सतत उजवीकडे जात असेल तर डावा अंगठा बघा (माझा अनुभव)
रत्नागिरीत आमच्या उघड्या कोर्टवर संध्याकाळी खारं वारं असतं, त्यामुळे शॉट चुकला की पोरं वाऱ्याला नावं ठेवतात. पण एका मुलीचा बॉल वारा पडलेला असतानाही उजवीकडेच जायचा. समोरून नीट पाहिलं: बॉल सुटताना डावा अंगठा त्याला ढकलत होता. तो हात फक्त आधाराला!

तिला रिंगजवळ आणलं, डावा हात पाठीमागे ठेवायला लावला. कोपर रिंगच्या रेषेत, जोर गुडघ्यातून. लहानांना सात नंबरचा (मोठ्यांचा) बॉल देऊच नका, पाचचा (लहान) द्या. जड बॉलला दुसऱ्या हाताचा धक्का लागतोच. रिंग ४५ सेंटीमीटर रुंद, मोठा बॉलही जेमतेम २४. हे ऐकून मुलांना धीर येतो. आता त्या मुलीचा फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) सरळ जातो. बॉलची कमान अजून कमी पडते, त्यावर काम चालू आहे.