घरच्या संगणकासाठी अँटीव्हायरस आणि फायरवॉल निवडताना

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा घराजवळच्या दुकानात नवा संगणक जोडून घ्यायला गेले, की बिल होता होता "सोबत अँटीव्हायरस टाकून देऊ ना?" हा प्रश्न येतोच, आणि एवढ्या मोठ्या खरेदीत ती रक्कम किरकोळ वाटत असल्याने बहुतेक जण मान डोलावतात. माझे मत असे, की या प्रश्नाला तिथे नकार द्यावा, संगणक घरी आणावा, त्यात आधीपासून काय आहे ते पाहावे आणि जे कमी पडेल तेवढेच नंतर विकत घ्यावे.

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटीव्हायरस आणि विंडोजचा फायरवॉल (नेटवर्कवरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारी सोय) हे दोन्ही मूळचेच असतात. स्टार्ट मेनूत 'विंडोज सिक्युरिटी' शोधून उघडल्यावर व्हायरस संरक्षण आणि फायरवॉल या दोन्ही चौकोनांवर हिरवी खूण दिसली, तर पाया तयार आहे असे समजावे. मॅकमध्येही हानिकारक प्रोग्राम ओळखणारी सोय अंगभूत असते. त्याचा फायरवॉल सुरू आहे का, हे मात्र सेटिंगमध्ये जाऊन तपासावे.

अँटीव्हायरस आणि फायरवॉल या दोन गोष्टी एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत, हे समजण्यासाठी मे २०१७ मधला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा हानिकारक प्रोग्राम आठवावा. तो पसरण्यासाठी कोणी संशयास्पद ईमेल उघडण्याची गरज नव्हती. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका त्रुटीचा फायदा घेऊन तो ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून, म्हणजे नेटवर्कवरच्या जोडणीच्या एका दारातून, एका संगणकावरून दुसऱ्यावर जात होता. फायरवॉलने ते पोर्ट बाहेरच्यांसाठी बंद ठेवले असते तर तो दारातच अडला असता, आणि आत पोहोचलेली फाइल ओळखून अडवणे हे अँटीव्हायरसचे काम होते. पण मूळ त्रुटी बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिले होते. म्हणूनच विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानंतर, सुरक्षा अपडेट न मिळणाऱ्या संगणकावर केवळ महागडा अँटीव्हायरस घालून निश्चिंत राहणे मला धोक्याचे वाटते. त्याची व्हायरसांची यादी रोज ताजी होत राहिली, तरी विंडोजमधली भोके त्याने बुजत नाहीत.

फायरवॉल वेगळा विकत घेण्याची गरज घरी सहसा पडत नाही. विंडोजचा फायरवॉल मूळ मांडणीत बाहेरून आपणहून आलेली जोडणी अडवतो आणि आतून बाहेर जाणारी जाऊ देतो. वापरणाऱ्याच्या हातात महत्त्वाचा निर्णय एकच असतो, तो म्हणजे नेटवर्क 'प्रायव्हेट' ठेवायचे की 'पब्लिक'. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत, कॅफेत किंवा हॉस्टेलवर लॅपटॉप वाय-फायला जोडताना 'पब्लिक' निवडावे, म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी लॅपटॉपला आपला संगणक सहज दिसत नाही. घरी फायबरवाल्याने बसवलेला राउटरही आगंतुक जोडण्या बऱ्याच प्रमाणात थोपवतो, पण आयपीव्ही६ या इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीत प्रत्येक उपकरणाला स्वतःचा थेट पत्ता मिळू शकत असल्याने केवळ राउटरवर विसंबून संगणकावरचा फायरवॉल बंद करू नये. राउटरचा 'अ‍ॅडमिन' हा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

अँटीव्हायरसच्या बाबतीत पहिला नियम असा, की सतत पहारा देणारा एकच असावा. दोन असले, की दोघेही प्रत्येक फाइल उघडून तपासू पाहतात आणि संगणक रखडतो. माझ्या घरी अडचण आली ती मात्र मुदत संपलेल्या एकामुळे. भाचीने कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रोजेक्ट छापून आणला आणि पेन ड्राइव्ह घरी लावला, तेव्हा तिच्या सगळ्या फोल्डरांच्या जागी एकेक केबीचे शॉर्टकट दिसू लागले. मूळ फोल्डर तिथेच, पण लपवलेले होते, आणि शॉर्टकटवर क्लिक केले की आधी व्हायरस चालून मग फोल्डर उघडत असे. लॅपटॉपसोबत आलेल्या ट्रायल अँटीव्हायरसची मुदत कित्येक महिन्यांपूर्वी संपली होती आणि तो नुसताच जागा अडवून बसला होता. तो पूर्ण काढून टाकल्यावर डिफेंडर आपोआप सुरू झाला आणि त्याने पेन ड्राइव्ह साफ केला. तेव्हा ट्रायल एकतर विकत घ्यावा किंवा काढावा. तसाच ठेवू नये.

पैसे मोजून घेण्याला माझा विरोध नाही. घरात चार-पाच उपकरणे असतील, मुलांच्या वापरावर मर्यादा घालायच्या असतील, किंवा आई-बाबांना अडल्यावर फोन करायला कोणी हवे असेल, तर विकतचा संच उपयोगी पडतो. जर्मनीतील मागदेबुर्गची एव्ही-टेस्ट ही प्रयोगशाळा संरक्षण, संगणकावरचा भार आणि वापरातील सोय या तिन्हींना प्रत्येकी ६, असे एकूण १८ पैकी गुण देते. वरच्या उत्पादनांमधल्या अर्ध्या गुणाच्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही. जुन्या, चार जीबी रॅमच्या संगणकासाठी भाराचा रकाना आधी पाहावा. क्विक हील आपल्या पुण्यातच वाढलेली कंपनी आहे, पण पुणेकर म्हणून तिला जास्तीचे गुण देऊ नयेत, तिचेही आकडे याच रीतीने पाहावेत. संगणक साफ किंवा वेगवान करण्याचा दावा करणाऱ्या 'क्लीनर' आणि 'बूस्टर' यांसाठी मात्र एक रुपयाही जास्त देऊ नये.

एका बाबतीत कोणताही अँटीव्हायरस हतबल ठरतो. संगणक जोडून देणारा 'विंडोज टाकून देतो' म्हणतो, तेव्हा ती प्रत अधिकृत आहे का, हे विचारावे. क्रॅक, म्हणजे अनधिकृत प्रत चालू करणारा प्रोग्राम, वापरताना पहिली सूचना बहुधा 'अँटीव्हायरस बंद करा' अशीच असते, आणि ती पाळल्यावर पहाऱ्याला काही अर्थ उरत नाही.

निवड झाल्यावर आयकार संस्थेच्या संकेतस्थळावरून तिची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल उतरवून पाहावी. अँटीव्हायरस जागा असेल तर तो तिला लगेच अडवतो. विकतचा घेतला असेल तर पहिल्या वर्षाची सवलतीची किंमत आणि नूतनीकरणाची किंमत वेगळ्या असू शकतात, हे पाहून खात्यातून आपोआप पैसे कापण्याची सोय बंद करावी आणि मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात, गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी लिहून ठेवावी. 'तुमच्या अँटीव्हायरसची मुदत संपली' असा फोन आला, की आधी ते पान पाहावे. तारीख जुळली तरी पैसे फोनवर न देता कंपनीच्या संकेतस्थळावरूनच भरावेत, आणि फसवणुकीत पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे.