मिश्र सॉल्व्हंटमध्ये औषधाची विद्राव्यता मोजताय? सँपल गाळताना घाई करू नका

पॅरासिटामॉल आणि पाणी-इथेनॉल धरून सांगते, दुसऱ्या औषधांनाही रीत साधारण हीच. इथेनॉल ० ते १०० टक्के, मिश्रणं वजनावर बनवा, तापमान २० ते ४० डिग्री, पाच-पाचच्या अंतराने. तळाशी पावडर उरेल एवढं औषध टाका, बूच घट्ट लावा नाहीतर इथेनॉल उडून जातं, आणि बाटल्या शेकर बाथमध्ये (ठरलेल्या तापमानाला बाटल्या हलवत ठेवणारं पाण्याचं टब) ठेवा. चोवीस तास पुरतात असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, २४, ४८, ७२ तासांनी सँपल काढून बघा, लागोपाठ दोन आकडे जुळले की मगच पुढे जा.

आता गाळणं. माझे दोन महिने इथेच गेले. इंदूरमधली डिसेंबरची सकाळ, लॅब गारठलेली, बाटली ४० डिग्रीवर आणि सिरिंज नुकतीच पाकिटातून काढलेली, थंडगार. सँपल ओढलं तर डोळ्यांदेखत सिरिंजच्या आतल्या बाजूला पांढरट धुकं धरलं, मग बारीक दाणे दिसायला लागले, आणि मला वाटलं फिल्टरच खराब आहे. खरं तर गार सिरिंजमुळे औषध द्रावणातून तिथेच बाहेर पडत होतं, म्हणून ३५ आणि ४० चे आकडे जवळजवळ सारखे यायचे, सगळे म्हणायचे परत कर, पण का चुकतंय ते कुणी सांगेना.

तेव्हा सिरिंज, सुई, फिल्टर सगळं त्याच तापमानाच्या ओव्हनमध्ये निदान अर्धा तास आधी ठेवा. हलवणं थांबवून गाळ बाथमध्येच बसू द्या, वरचं द्रावण काढा, ०.४५ मायक्रॉनमधून गाळा आणि पहिला एक मिलि फेकून द्या कारण काही फिल्टर औषध धरून ठेवतात. गाळलेलं थेट आधीच वजन केलेल्या, पातळ करायचं द्रावण भरलेल्या बाटलीत सोडा आणि लगेच पुन्हा वजन करा. पिपेटवर विसंबू नका, घनता तापमानाने आणि इथेनॉलने बदलते, वजन मात्र बदलत नाही. मे महिन्यात उलटा त्रास होतो बरं का, २० च्या बाटलीत तापलेली सिरिंज घातली तर ओढलेले कण आत विरघळून आकडा उगाच वाढतो.

औषध किती आहे ते यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) २४३ नॅनोमीटरला वाचा. उरलेली पावडर वाळवून एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना बघणं) करा, घन रूप बदललं असेल तर तुम्ही दुसऱ्याच पदार्थाची विद्राव्यता मोजलीये.

आता मॉडेल, म्हणजे न मोजलेल्या मिश्रणाची विद्राव्यता काढून देणारं समीकरण. त्यासाठी तापमान केल्विनमध्ये, विद्राव्यता मोल फ्रॅक्शनमध्ये (x, द्रावणातल्या एकूण मोलांपैकी औषधाचा वाटा). आधी प्रत्येक मिश्रणाचा व्हँट हॉफ आलेख काढा, ln x विरुद्ध १/T, बिंदू साधारण एका रेषेत येतात, म्हणजे वेडावाकडा बिंदू लगेच दिसतो. मग जौयबान-अक्री, मिश्रण आणि तापमान दोन्ही धरणारं मॉडेल. याल्कोव्स्कीची सरळ रेषा (इथेनॉलच्या प्रमाणासोबत विद्राव्यतेचा लॉग सरळ रेषेत वाढतो असं धरणारं मॉडेल) इथे नका लावू, पॅरासिटामॉल निव्वळ इथेनॉलपेक्षा थोडं पाणी असलेल्यात जास्त विरघळतं आणि तो उंचवटा सरळ रेषेत बसणारच नाही. जौयबान-अक्रीला दोन्ही शुद्ध सॉल्व्हंटचे आकडे आणि मिश्रणांतून काढलेले थोडे कॉन्स्टंट लागतात, ते काढताना काही मिश्रणं बाजूला ठेवून त्यांच्यावरच मॉडेल तपासा. एखादाच बिंदू दूर पडला तर मॉडेल बदलायच्या आधी वहीत बघा, ते सँपल काढताना सिरिंज ओव्हनमधली होती का पाकिटातली.