स्टेपर मोटर आणि कॉम्प्युटरच्या मधली पेटी : या चुका टाळा

छंदापुरतं सीएनसी मशीन (कॉम्प्युटरच्या हुकुमाने कापणारं, कोरणारं) बनवायला निघालेली पोरं सांगलीत दरवर्षी वाढतायत. गणपतीच्या आधी दोन महिने तर माझ्या शेडवर रीघ लागते, मखरं कापायची असतात. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "काका, कुठला सेट घेऊ?" निम्म्यांनी तो आधीच घेतलेलाही असतो. स्टेपर मोटर (एकेक ठरावीक पाऊल, म्हणजे स्टेप, टाकत फिरणारी) धडधाकट, लोखंडी सांगाडा झकास, आणि मधली इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे पॉवर सप्लाय आणि कॉम्प्युटरच्या पल्स घेऊन मोटरला करंट देणारे ड्रायव्हर, मात्र जे स्वस्त दिसलं ते. मशीन रडतं ते तिथेच. कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सचं काम करताना जे दिवसभर बघतो, तेच संध्याकाळी या पोरांच्या मशीनवर पुन्हा बघतो, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

पहिली चूक, मोटरवरची पट्टी बघून पॉवर सप्लाय निवडणं. नेमा २३ (हे मोटरच्या तोंडाचं ठरलेलं माप) मोटरवर ३.२ व्होल्ट, २.८ अँपिअर असं काहीतरी लिहिलेलं असतं. मग "३.२ ची मोटर, १२ व्होल्ट म्हणजे भरपूर झालं" असा हिशेब होतो. तो आकडा कॉइलच्या रेझिस्टन्सवरून आलेला आहे, मोटर उभी असतानाचा. मोटर पळायला लागली की कॉइलमधला करंट प्रत्येक स्टेपला नव्याने चढवावा लागतो आणि कॉइलचा इंडक्टन्स त्याला अडवतो. व्होल्टेज कमी असेल तर करंट पूर्ण चढायच्या आत पुढची स्टेप येते. हळू चालवलं तर मशीन छान चालतं, वेग वाढवला की मोटर किंचाळते आणि जागेवर थांबते. मग पोरं मोठी मोटर आणतात, आणि मोठ्या मोटरचा इंडक्टन्स बहुतेक वेळा आणखी जास्त असतो! चॉपर ड्रायव्हर करंट स्वतः आवरतो, त्यामुळे जास्त व्होल्टेजने मोटर जळत नाही. ढोबळ हिशेब असा : इंडक्टन्स मिलिहेन्रीत घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, ३२ ने गुणा. ३ मिलिहेन्रीला साधारण ५५ व्होल्ट येतात. ही वरची मर्यादा झाली, तिथपर्यंत जायची गरज नाही.

ड्रायव्हरची मर्यादा मात्र पाळायची. डीएम५४२ या ड्रायव्हरला ५० व्होल्ट चालतात म्हणून ४८ चा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) लावू नका, ब्रेक लागताना मोटर जनरेटरसारखी वागते आणि व्होल्टेज उलटं वर ढकलते. मी डीएम५४२ ला ३६ आणि टीबी६६०० या दुसऱ्या ड्रायव्हरला २४ देतो. कोणी याला घाबरट म्हणेल, पण माझ्या शेडमधले ड्रायव्हर वर्षानुवर्षं टिकलेत.

ए४९८८ किंवा डीआरव्ही८८२५ ड्रायव्हरच्या इवल्याशा पट्ट्या नेमा २३ ला लावू नका. नेमा १७ या लहान मोटरसाठी ठीक आहेत, त्याही हीटसिंक आणि पंख्यासकट.

आता ज्या चुकीने माझे तीन आठवडे खाल्ले ती सांगतो. मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्या घरातला माझा एक मित्र. तानपुऱ्यावरच्या वेलबुट्टीच्या खाचा लाकडात मशीनने पाडून बघू म्हणाला. आम्ही दोघांनी मिळून छोटं मशीन उभं केलं : जुना डेस्कटॉप, त्यावर माक३ (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), पॅरलल पोर्ट (जुन्या प्रिंटरचा), त्याच्या पिना ड्रायव्हरला जोडणारा ब्रेकआउट बोर्ड, १/८ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे आठ भाग), ५ मिलिमीटर पिचचे बॉलस्क्रू (एका वळशाला ५ मिलिमीटर सरकवणारे). पहिलं पान कोरलं ते हाताने कोरल्यासारखं. दहावं पान थोडं सरकलेलं. वेलीच्या टोकाचं पान तर देठापासून सुटलेलं, मिलिमीटरभर फट. मित्राने जपून ठेवलेलं तुणाचं लाकूड होतं ते.

आम्ही कपलिंग आवळली, नट बदलला, बेअरिंग तपासले. स्टेप मिस होतायत असं वाटून वेग निम्मा केला. फट तेवढीच राहिली. खरं तर त्याच दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं. ताकद कमी पडून स्टेप सुटत असतील तर वेग कमी केल्यावर चूक कमी होते. इथे वेगाचा संबंधच नव्हता, आणि सरकणं नेहमी एकाच बाजूला.

शेवटी डायल गेज (बारीक सरकणं काट्यावर दाखवणारा) मॅग्नेटिक स्टँडवर लावला आणि एक मिलिमीटर पुढे, एक मिलिमीटर मागे, अशा ५०० फेऱ्यांचा प्रोग्रॅम चालवला. काटा दीड मिलिमीटरहून थोडा पुढे जाऊन थांबला. हिशेब केला : २०० स्टेप गुणिले ८, म्हणजे मोटरच्या एका वळशाला १६०० मायक्रोस्टेप, भागिले ५, मिलिमीटरला ३२०. ५०० ला ३२० ने भागा, १.५६ येतात. दर फेरीला नेमकी एक मायक्रोस्टेप जात होती.

कारण सॉफ्टवेअरमधली एक टिकमार्क. आमच्या ब्रेकआउट बोर्डवर ड्रायव्हरचे प्लस टोक ५ व्होल्टला आणि पल्स मायनसला अशी जोडणी होती. त्यामुळे पल्स उलटी वाचली जायची आणि ड्रायव्हर चुकीच्या कडेला स्टेप घ्यायचा, नेमका त्याच क्षणी जेव्हा डायरेक्शनची लाइन बदलत असते. दिशा बदलताना स्टेप चुकायची आणि चूक एकाच बाजूला साठत जायची. सरळ रेषा कापताना हे कधीच दिसत नाही, नक्षीत दर वळणाला दिशा बदलते. स्टेप पिनचं 'अॅक्टिव्ह लो' (हीच ती टिकमार्क) बदललं, परत ५०० फेऱ्या, काटा शून्यावर. तेव्हापासून कुठलंही नवं मशीन आधी डायल लावून ५०० फेऱ्या चालवल्याशिवाय मी त्यावर लाकूड चढवत नाही. पंधरा मिनिटं लागतात. एवढाही धीर नसलेल्या पोराला मी माझ्या शेडवर मशीन जोडू देत नाही.

यूएसबीला प्रिंटरचा पॅरलल पोर्ट लावायची केबल मिळते. तिच्यावर माक३ चालत नाही, ती फक्त प्रिंटरशी बोलायला बनवलेली आहे. माक३ चा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवरही चालत नाही. लॅपटॉपच वापरायचा असेल तर स्वतः पल्स तयार करणारा कंट्रोलर घ्या, नाहीतर साधा आर्डुइनो उनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), त्यात जीआरबीएल हे पल्स काढणारं सॉफ्टवेअर टाकलेला.

उनोवर १/३२ मायक्रोस्टेप लावून "बारीक काम होतं" म्हणणारे बरेच आहेत. जीआरबीएल सेकंदाला साधारण ३०,००० स्टेप देतो. ५ मिलिमीटरच्या स्क्रूवर १/३२ ला मिलिमीटरमागे १२८० स्टेप लागतात, म्हणजे मिनिटाला १४०० मिलिमीटरवर गाडी अडते. लाकडाला १/८ पुरतं.

लिमिट स्विच (मशीन टोकाला पोचल्यावर दाबला जाणारा) नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी सर्किट जोडलेलं राहील असा, जोडा, वायर तुटली तर मशीन थांबतं. वायर शिल्डेड, शिल्ड एकाच टोकाला अर्थ. स्पिंडलच्या (कापणारं पातं फिरवणारी मोटर) व्हीएफडीची, म्हणजे वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची, केबल तिच्याजवळून नेऊ नका.

अर्थिंग खरंच तपासा. फ्रेमला हात लावल्यावर झिणझिण्या येतात आणि "एसएमपीएसचं असंच असतं" म्हणून पोरं सोडून देतात. आपल्याकडची काळी माती एप्रिल-मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मी उन्हाळ्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततो.

इमर्जन्सी स्टॉपने ड्रायव्हर आणि स्पिंडलची वीज तोडली पाहिजे. नुसता सॉफ्टवेअरला निरोप देणारं लाल बटण पुरेसं नाही.

मोटरच्या चार वायरींचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात. दोन टोकं एकमेकांना जोडून शाफ्ट फिरवा, जड लागला तर ती एक जोडी. आणि वीज चालू असताना मोटरची वायर काढू नका. करंट एकदम तुटला की कॉइल उसळते आणि ड्रायव्हरचे आउटपुट जातात. मी स्विच बंद करतो, एसएमपीएसचा दिवा पूर्ण विझेपर्यंत हात खिशात ठेवतो, मगच स्क्रूड्रायव्हर उचलतो.