नवा इलेक्ट्रॉनिक अल्बम ऐकून मत कसं लिहावं: एका क्यूसीवालीची रीत

अंबड एमआयडीसीत मी सतरा वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये, म्हणजे क्यूसीत, आहे. पार्ट नापास केला तर रिपोर्टवर नुसतं 'खराब' लिहून भागत नाही. भोक किती मोठं झालं, कुठे मोजला, कशाने मोजला, सगळं लिहावं लागतं. नाहीतर प्रॉडक्शनवाले तोच पार्ट पुसून परत टेबलावर आणून ठेवतात. आणि हीच मी घरी आल्यावर ग्रुपवर लिहायचे, "नवीन अ‍ॅम्बियंट अल्बम ऐकला. भारी. काय व्हाइब आहे!" त्या ग्रुपवर आमच्या टूलरूमचा एक मुलगा आहे. त्याने विचारलं, "मॅडम, व्हाइब किती मायक्रॉन?"

तेव्हापासून मी मत वहीत लिहिते, मग ग्रुपवर टाकते. डान्स आणि अ‍ॅम्बियंट (वातावरणासारखं मागे वाजत राहणारं संगीत) या दोन्हींत बहुतेकदा शब्द नसतात, धरून ठेवायला चालही नसते, म्हणून 'छान' आणि 'बोअर' यांच्या पलीकडे लिहायला माणूस अडखळतो. माझी रीत सांगते. नाशिकची बाई मत कसं द्यावं हे सांगायला बसली की मिसळीची उपमा येणारच. ती मी टाळते आहे.

आधी ऐकायचं साधन तपासा. माप घ्यायचा व्हर्नियर कॅलिब्रेशनमध्ये नसेल तर मापाला काडीची किंमत नाही. दोन वर्षांपूर्वी मी एका अल्बमवर लांबलचक लिहिलं होतं, की आवाज येतात आणि मधेच विरून जातात, अर्धं चित्र कोरंच ठेवलंय, धाडसी आहे पण कोरडं आहे. दोघांनी कौतुकही केलं. आठवड्याने कळलं की माझ्या डाव्या इअरबडची जाळी मळाने बुजली होती. जुन्या टूथब्रशने साफ केली आणि 'कोऱ्या' अर्ध्या भागात एक अख्खा पियानो निघाला. गंमत म्हणजे अ‍ॅम्बियंटची जन्मकथा अशीच सांगतात. १९७५ साली ब्रायन ईनो हा इंग्रज संगीतकार अपघातानंतर अंथरुणाला खिळून होता. मैत्रिणीने आणलेली हार्पची रेकॉर्ड लावली, तर आवाज फार लहान आणि स्टिरिओचा एक चॅनल बंद. उठून नीट करायची ताकद नव्हती, मग तो तसाच ऐकत पडला. खोलीतल्या बाकी आवाजांत मिसळलेलं संगीत त्याला तिथे सापडलं. त्याच्या बंद चॅनलमधून एक संगीतप्रकार निघाला, माझ्या इअरबडमधून माफीनामा.

तर दोन्ही कान तपासा. फोनच्या स्पीकरवर डान्स संगीत ऐकून मत देऊच नका. किकचा, म्हणजे ड्रमच्या जाड ठोक्याचा, खरा धक्का ५०-६० हर्ट्झच्या आसपास असतो आणि तेवढुसा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही; तुम्हाला फक्त वरची टकटक ऐकू येते, मग तुम्ही लिहिता 'दम नाही'. वायरचे साधे हेडफोन पुरतात. अ‍ॅपमध्ये शफल बंद, क्रॉसफेड बंद, इक्वलायझरवरचं बेस बूस्ट बंद. क्रॉसफेड (एक ट्रॅक संपता संपता दुसरा त्यात मिसळणं) विशेषतः, कारण तो अ‍ॅम्बियंटचा हळूच सरत जाणारा शेवट खाऊन टाकतो आणि दोष अल्बमवर जातो.

जमलं तर डान्सचा अल्बम एकदा मोठ्या सिस्टिमवर ऐका. माझे दीर मंडप-साउंडचा धंदा करतात, दिंडोरी रोडला गोडाऊन आहे. सीझन नसला की दुपारी एक बेसचा आणि एक टॉपचा बॉक्स जोडून देतात. पहिल्यांदा मी उत्साहाने ड्रोनचा, म्हणजे एकच सूर लांबवत नेणारा, अल्बम लावला. पाच मिनिटं ते गप्प उभे राहिले आणि मग म्हणाले, "वहिनी, गाणं कधी सुरू होणार? हा तर जनरेटरचा आवाज आहे." पण पुढचा टेक्नोचा, म्हणजे यंत्रांवरच्या डान्स संगीताचा, ट्रॅक लागला तसा त्यांनी बेसच्या बॉक्सवर तळवा ठेवला. "ह्या माणसाला किक आणि बेस वेगळे ठेवता येतात. आमच्याकडची पोरं दोन्ही एकावर एक ओततात, मग नुसता गाळ होतो." इतकं नेमकं वाक्य मला वर्षभरात सुचलं नव्हतं. तेव्हापासून डान्सच्या अल्बममध्ये मी पहिल्यांदा हेच बघते: किक पडते तेव्हा बेस बाजूला सरतो का, की दोघं एकाच दारातून घुसतात?

मग लय मोजा. घड्याळ लावून पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजायचे आणि चारने गुणायचं. ३१ आले तर १२४ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १२४ ठोके. हाउस, म्हणजे सलग किकवर चालणारं क्लबचं डान्स संगीत, साधारण १२० ते १३०च्या मध्ये असतं. ड्रम अँड बेस हा वेगवान प्रकार १७०च्या आसपास. चार ठोक्यांचा एक बार; १२४ला सोळा बार म्हणजे जवळजवळ ३१ सेकंद. घड्याळाकडे बघत ऐकलंत तर दिसेल की दर ३१ सेकंदांनी काहीतरी आत येतं किंवा बाहेर जातं, कधी हाय-हॅट (ड्रमसेटवरची झांज), कधी एखादा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर). चांगला निर्माता या चौकटीत राहून तुम्हाला चकवतो. वाईट निर्मात्याचं पुढचं पाऊल तुम्हाला आधीच ठाऊक असतं.

इथे आपली एक खोड आड येते. आपण नाशिक ढोलावर वाढलेली माणसं. पथक ठोका बदलतं, उठाव घेतं, आणि त्या बदलावर अंगात येतं. त्या कानांनी हाउस ऐकलं की वाटतं, बाप रे, सहा मिनिटं तेच धपधप. पण किक हा ठेका आहे. तबलजी तीनतालाचा ठेका धरून बसला तर आपण त्याला 'तेच तेच' म्हणत नाही, वर गाणारा काय करतोय ते ऐकतो. किकला ठेक्याचं काम करू द्या आणि कान वर न्या. हे जमलं की बार्कर या निर्मात्याचा २०१९चा 'युटिलिटी' ऐका. टेक्नोच्या मुशीतला अल्बम, पण त्यातून किकच काढून टाकलेली. मी तो सकाळी पाथर्डी फाट्यावरून कंपनीत जाताना ऐकला आणि बसमध्ये माझा पाय आपोआप ठेका देत होता, अल्बममध्ये नसलेला ठेका. मी लिहिलं: 'ठेका श्रोत्याकडून काढून घेतो.' माझ्या वहीतल्या बऱ्या वाक्यांपैकी एक.

अ‍ॅम्बियंटची तपासणी उलटी. ईनोने १९७८च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'बरोबर लिहिलं होतं, त्याचा मतलब असा की हे संगीत लक्ष देऊन ऐकण्याजोगं हवं आणि दुर्लक्ष करण्याजोगंही. म्हणून मी दोन फेऱ्या करते. पहिली कामात, आवाज इतका लहान की कुकरची शिट्टी त्याच्यावरून जाईल. दुसरी रात्री, दिवा घालवून, काही न करता. पहिल्या फेरीत तो मधे मधे लुडबुडला, तर नापास. दुसरीत दहा मिनिटांनी हात फोनकडे गेला, तरी नापास. दोन्हींत टिकणारे फार थोडे. तिसरी बारीकशी चाचणीही आहे: अल्बम संपल्यावर लगेच उठू नका. आमच्याकडे फ्रिजची घरघर आहे, रात्री उशिरा हायवेवरून ट्रक जातात. चांगल्या अल्बमनंतर दोन-तीन मिनिटं ती घरघरसुद्धा सुरात लागल्यासारखी वाटते. नसेल वाटत, तर तो अल्बम माझ्यापुरता वॉलपेपर.

आणि पावसाचं रेकॉर्डिंग! दर तिसऱ्या अ‍ॅम्बियंट अल्बममध्ये पाऊस. जूनमध्ये आमच्या पत्र्यावर फुकट मिळतो. पाऊस का घातलाय याचं उत्तर अल्बममध्ये सापडलं नाही तर मी गुण कापते.

अरुषी जैनचा २०२४चा 'डिलाइट' घ्या. त्याचा पाया बागेश्री राग आहे आणि हत्यार मॉड्युलर सिंथेसायझर, म्हणजे सुटे भाग तारांनी जोडून आवाज घडवायचं यंत्र. आपल्याकडचा थोडंफार गाणं शिकलेला माणूस लगेच वादी-संवादी शोधत बसतो, 'पंचम कुठे घेतला' म्हणून बोट दाखवतो. मीही पहिल्या फेरीत तेच केलं. पण ती बैठकीतला बागेश्री मांडायला बसलेली नाही. तो तिचा रंगाचा डबा आहे. ज्या कामासाठी पार्ट बनलाय त्या ड्रॉइंगवरून तपासायचा. शाफ्टचं ड्रॉइंग घेऊन बुश नापास करणाऱ्याला आमच्याकडे घरी पाठवतात.

एक शब्द मी वहीतून कायमचा काढलाय: 'पहिल्यांदाच'. चरणजित सिंग नावाचे हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी रोलंड कंपनीची ३०३ (बेसचं) आणि ८०८ (ड्रमचं) ही यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड फारशी कुणी घेतली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या जाणकारांनी कपाळाला हात लावला, कारण शिकागोत त्याच ३०३मधून अ‍ॅसिड हाउस हा डान्स संगीताचा प्रकार निघाला तो पुढे, १९८७च्या सुमारास. त्याच्याही आधी, १९६९ला अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत मूग कंपनीचा सिंथेसायझर येऊन बसला होता. तिथली रेकॉर्डिंग लोकांच्या कानावर पडली ती थेट २०२३मध्ये. तेव्हा 'असं आधी कुणी केलंच नाही' असं लिहिताना हात आखडता घ्या.

लिहिताना मिनिट-सेकंद टाका. गेल्या महिन्यातली माझी एक नोंद देते, अल्बमचं नाव राहू द्या (रिवर्क म्हणजे दुरुस्त करून पुन्हा आणा):

'वायरचे हेडफोन, दोनदा. गोडाऊनमध्ये पहिले तीन ट्रॅक. दुसरा ट्रॅक, ४:१०: किक जाते, अर्धा मिनिट नुसती हाय-हॅट, परत येते तेव्हा बेस एक सूर खाली. मेथी निवडायची थांबले. पाचवा ट्रॅक: तोच डाव, तितक्याच सेकंदांनी. आता काय होणार ते कळलं, आणि झालं. मधले तीन अ‍ॅम्बियंट तुकडे दीड-दीड मिनिटाचे, फटीत कागद कोंबल्यासारखे. पाऊस आहे. दुसऱ्या ट्रॅकसाठी ठेवणार, अल्बम म्हणून रिवर्क.'

यात एकही मोठा शब्द नाही, पण टूलरूमच्या त्या पोराने ४:१० उघडून ऐकलं आणि माझ्याशी भांडला, की बेस खाली जात नाही, वरचा कॉर्ड बदलतो म्हणून तसं वाटतं. पुन्हा ऐकलं. त्याचंच बरोबर होतं. वहीत लाल पेनने दुरुस्त केलं. 'व्हाइब' लिहिलं असतं तर तो भांडला असता कशावर?

पहिल्या दिवशी निकाल देऊ नका. सकाळी मशीन थंड असताना काढलेल्या पहिल्या पीसचं माप तासाभराने तेच राहत नाही, स्पिंडल तापतो. कानाचंही तसंच आहे. मी तीन दिवस ठेवते, अ‍ॅम्बियंटला आठवडा. गणपतीत, पथकांच्या सरावाच्या दिवसांत, तर काहीच तपासत नाही. संध्याकाळी सराव ऐकून घरी आलेल्या कानांना प्रत्येक अल्बम मऊ वाटतो.

स्टार देत नाही. ठेवणार, रिवर्क, परत: हे तीनच शेरे.

'ठेवणार' असेल तर विकत घेते. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर बहुतेक अल्बम आधी पूर्ण ऐकता येतात, मग पैसे भरले की फाइल आपली. किंमत बऱ्याचदा डॉलरात किंवा पाउंडात असते, म्हणून कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आधी सुरू करून ठेवा. मी पहिल्या वेळी ते विसरले, आणि ओटीपीची वाट बघत पाऊण तास बसले होते.