शेरूची नखं, आंघोळ आणि गोचिडी

ब्रश दिसला की आमचा लॅब्राडोर कुत्रा शेरू थेट दिवाणाखाली. शेवटी वेळच बदलली. सकाळी फिरून दमून आला की गॅलरीत थोडा वेळ ब्रश आणि त्यानंतरच जेवणाचं भांडं. हा क्रम डोक्यात बसल्यावर शेरू आपणहून गॅलरीत जाऊन बसायला लागला. खादाड असण्याचे फायदे!

आंघोळ महिन्यातून एकदा पुरते. आधी कोरडा ब्रश, मग पाणी. नाहीतर सुटलेले केस भिजून आतल्या थरात गोळा होतात. शाम्पू कुत्र्यांचाच, आपला त्यांच्या त्वचेला मानवत नाही. बाथरूमच्या टाइलवर पीनट बटर फासलं की स्वारी चाटण्यात गुंग. बाटलीवर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं नाही ना, ते मात्र बघा. कुत्र्यांना ते विष आहे.

खरी कटकट नखांची. काळ्या नखात रक्तवाहिनी बाहेरून दिसत नाही. म्हणून कणाकणाने कापायचं आणि कापलेल्या जागी मधोमध काळसर ठिपका दिसला की थांबायचं. एका दिवशी एकच पंजा, दोघांचीही डोकी शांत राहतात.

पावसाळ्यात कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली रोज चाचपतो. गोचीड सापडली की चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, रॉकेल-बिकेल काही नाही. त्यानंतर मरगळला किंवा जेवण सोडलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. गोचीडताप अंगावर काढण्यासारखा नसतो.