रायफलीचं वजन हातानं कसं जोखायचं

२०२५च्या जानेवारीत पुण्याच्या रेसकोर्सवर लष्कराचा मेळा भरला होता. त्या वर्षी लष्कर दिनाचं संचलन खडकीला बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या मैदानावर होतं, त्याच्या थोडं आधी. धानोरीहून मी नातीला घेऊन गेलो. ती एनसीसीत आहे. टेबलावरची रायफल उचलायची, मोबाइलमधला आकडा बघायचा आणि विचारायचं, "आजोबा, ही हलकी लिहिलीय, मग जड का लागते?" मी पायदळात चोवीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी वेपन ट्रेनिंगचा उस्ताद म्हणून. तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. परतताना तिला जे सांगितलं तेच इथे मांडतो.

सर्वांत आधी रायफल रिकामी आहे याची खात्री. मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढा, कॉकिंग हँडल मागे ओढून धरा, चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या खोबणीत, डोळ्यांनी बघा. मेळ्यात हे काम तिथला जवान करतो, तरी त्यालाच म्हणावं, "मला दाखवा." मीही आजवर दुसऱ्याच्या शब्दावर रायफल हातात घेतलेली नाही. नळी कायम माणसांपासून दूर, बोट ट्रिगरच्या बाहेर.

मग आकडे. दोन रायफलींची तुलना एकाच अवस्थेत करा, इथेच बहुतेकांची चूक होते. कुठे वजन मॅगझीनशिवाय दिलेलं असतं, कुठे रिकाम्या मॅगझीनसह, कुठे भरलेल्या. मी भरती झालो तेव्हा आमच्या हातात १ए१ एसएलआर होती. सेल्फ लोडिंग रायफल, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक: एकदा ट्रिगर दाबला की एकच गोळी सुटणार, पुढची आपोआप चेंबरमध्ये येणार. रिकामी साधारण ४.३ किलो. ७.६२ मिमीच्या वीस गोळ्यांचं मॅगझीन लावलं की पाच किलोच्या घरात. पुढे इन्सास आली, आपल्या पुण्यातल्याच एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेनं आखलेली. तीही चार किलोच्या किंचित वरच. कागदावर बघणारा म्हणेल, यात काय वाचलं? गोळ्या मोजा. एसएलआरची एक गोळी सुमारे २४ ग्रॅम, इन्सासची ५.५६ मिमीची १२ ग्रॅम. शंभर गोळ्या बाळगायच्या तर सव्वा किलोच्या आसपास फरक पडतो. चढावर तो फरक पायांना कळतो. अमेरिकेत सामान्य माणसंही एआर-१५ घेतात. ती साध्या रूपात तीन किलोच्या आसपास असते, पण दुर्बीण, बायपॉड (दोन पायांचा टेकू) आणि जाड नळी लावली की चार किलोवर सहज जाते. म्हणून जी वस्तू लावून वापरणार, ती लावूनच तोला.

आता खरं महत्त्वाचं: तोल. आमच्या उस्तादांनी पहिल्या आठवड्यात एसएलआर आडवी करून खाली दोन बोटं धरली आणि इकडून तिकडे सरकवत नेली. मॅगझीनच्या थोडं पुढे रायफल तराजूच्या दांडीसारखी स्थिर झाली. म्हणाले, "उचलायचं हँडल इथेच का दिलंय, समजलं?" पंचवीस रंगरूट एकाच वेळी आपापल्या रायफलीखाली बोटं सरकवत होते, आणि सगळ्यांच्या बोटांना तेल आणि चिंदीचा वास. तोल डाव्या हाताच्या जागेच्या मागे आला तर रायफल चटकन वळते. त्याच्या पुढे गेला तर नळीचं तोंड खाली झुकतं आणि दंड लवकर भरून येतो.

हे घरी करून बघता येतं, रायफल लागत नाही. चार फुटांची काठी घ्या. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली हातापासून एका फुटावर घट्ट बांधा आणि काठी एका हातानं आडवी धरा. मग तीच बाटली दोन फुटांवर न्या. वजन ग्रॅमभरही वाढलेलं नाही, पण मनगटावरचा बाटलीचा भार दुप्पट होतो, आणि डावी-उजवी झटकन वळवायला चौपट जोर लागतो. नातीनं अंगणात हे केलं. पहिल्या वेळी ती सत्तावीस सेकंद टिकली, दुसऱ्या वेळी अकरा.

पण पुढे जड म्हणजे वाईट, असं समजू नका. जड तोंड नेमावर शांत राहतं. दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंतची रायफल चालते, म्हणजे भरलेल्या एसएलआरपेक्षाही जड! तिथे एका जागी उभं राहून एकेक नेम धरायचा असतो. झाडीतून पळत जायचं असेल तर गरज वेगळी.

लांबीही बघा. इन्सास ९६० मिमी. आपल्या विशेष दलांकडची तावोर सुमारे ७२० मिमी, आणि नळी मात्र दोन्हींची साधारण ४६० मिमीच. तावोरची यंत्रणा बटात, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागात, आहे, त्यामुळे वजन खांद्याजवळ येतं. दारातून, गाडीतून वळताना याचा मोठा फायदा.

मग अंगाला बसते का ते पाहा. कोपर काटकोनात वाकवून बट कोपराच्या खळग्यात टेकवा. बोटाचं पेर ट्रिगरवर आरामात पोचलं तर बटाची लांबी ठीक. माझी नात पाच फूट एक इंच. एसएलआरला तिला मान ताणावी लागली असती. सिग ७१६ आणि एके-२०३ या रायफलींचं बट मागे-पुढे होतं, तिथे तिचा गाल आपसूक जागेवर आला. मॅगझीन बदलताना हात काय करतो तेही बघा. एसएलआर आणि एके-२०३ला आधी पुढची कड अडकवून मागे फिरवायची, सिगला सरळ वर ढकलायची. मला स्वतःला फिरवून बसवणंच अंगवळणी आहे, पण नवशिक्याला सरळ ढकलणं लवकर जमतं.

शेवटी धक्का. गोळी तीच ठेवून पाच किलोच्या जागी चार किलोची रायफल घेतली, तर धक्क्याची ऊर्जा सव्वापट होते. म्हणजे हलकेपणाची किंमत खांदा मोजतो. पहिल्या फायरिंगनंतर माझा खांदा चार दिवस निळा होता, कारण बट घट्ट दाबलं नव्हतं.

नातीनं आता वहीत रकाने आखलेत: रिकामं वजन, भरलेलं वजन, तोलाची जागा, लांबी, बट. शेवटचा रकाना मी घालायला लावला: शिस्त घेऊन, म्हणजे नेम धरून, उभं राहिल्यावर किती सेकंदांनी टोक हलायला लागलं.