गेमिंग पीसीवर हेडफोनचा आवाज सुधारायचा तर: डॅक-अँप कधी घ्यायचा आणि कसा जोडायचा

डॅक-अँप, म्हणजे पीसीचा डिजिटल आवाज हेडफोनसाठी विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी (डॅक) आणि त्याला ताकद देणारी (अँप) बाहेरची पेटी, विकत घेण्याआधी दहा मिनिटं नुसतं कान देऊन ऐका. हेडफोन लावा, विंडोजचा आवाज रोजच्या पातळीवर ठेवा, एखाद्या गेमचा मेन्यू उघडा आणि गेमचा स्वतःचा आवाज शून्य करा. आता माउस फिरवा, सेटिंग्जची यादी वरखाली करा. माउसच्या तालावर बारीक किर्र-किर्र येत असेल आणि फ्रेम रेट ६० वर बांधल्यावर ती मंदावत असेल, तर ग्राफिक्स कार्ड वीज कमीजास्त खेचतं त्याचा गोंगाट ऑडिओत शिरतोय. हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला असेल तर आधी तो मागच्या हिरव्या जॅकला लावून बघा. पुढच्या जॅकची बारीक वायर बहुतेक कॅबिनेटमध्ये मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यातून निघते आणि ग्राफिक्स कार्डाच्या खालून फिरून पुढे येते. वाटेत ती सगळा कचरा गोळा करते. कित्येकांचं दुखणं इथेच, एक पैसा खर्च न करता संपतं.

मागच्या जॅकलाही किरकिर राहिली किंवा आवाज १०० वर नेऊनही पुरत नसेल, तर बाहेरची पेटी घ्यायला अर्थ आहे. पण हेडफोनचा मूळ स्वभावच आवडत नसेल, म्हणजे बास ढोबळ किंवा स-श-ष टोचणारे असतील, तर चाळीस हजारांचा डॅकही तो बदलत नाही. त्याला इक्वलायझर (आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमीजास्त करणारा प्रोग्राम) लागतो, आणि तो फुकट आहे. एक अपवाद आहे, तो पुढे येतो.

आणखी एक गोष्ट आधीच तपासा. यूएसबी किंवा वायरलेस हेडसेट असेल तर त्याचा डॅक आणि अँप त्याच्या पोटातच असतो. त्याला पिनेच्या वायरची सोय नसेल तर बाहेरची पेटी जोडताच येत नाही. हे सगळं ३.५ किंवा ६.३५ मिलिमीटरची पिन असलेल्या हेडफोनसाठी आहे.

किती ताकद लागते, ते कागदावर

हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात: इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध, ओहममध्ये) आणि सेन्सिटिव्हिटी (१ मिलिवॅटला किती डेसिबेल). बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो घ्या, २५० ओहमचा. १ मिलिवॅटला तो ९६ डेसिबेल देतो. स्फोटाच्या क्षणापुरता ११० डेसिबेलचा शिखर-आवाज धरला तर वरचे १४ डेसिबेल हवेत, म्हणजे सुमारे २५ पट ताकद, २५ मिलिवॅट. व्होल्टेज काढायचं तर ताकद (वॅटमध्ये) गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ: ०.०२५ × २५० = ६.२५, वर्गमूळ २.५ व्होल्ट. करंट फक्त १० मिलिअँपिअर.

आता हायफायमॅन सुंदरा. प्लॅनर हेडफोन, ३७ ओहम, ९४ डेसिबेल. त्याच ११० साठी ४० मिलिवॅट लागतात. व्होल्टेज जेमतेम १.२, पण करंट ३३ मिलिअँपिअर. ओहम कमी म्हणजे हेडफोन चालवायला सोपा, असं दुकानात ठोकून सांगतात ते म्हणून अर्धवट आहे. एकाला व्होल्ट हवेत, दुसऱ्याला अँपिअर. अँपच्या माहितीपत्रकात "३२ ओहमला इतके मिलिवॅट" आणि "३०० ओहमला इतके मिलिवॅट" असे दोन्ही आकडे असतात. आपल्या हेडफोनच्या जवळचा बघा. नुसता मोठा आकडा खोक्यावर छापायला असतो.

ॲपलची छोटी यूएसबी-सी ते ३.५ मिलिमीटर वायर १ व्होल्ट देते (युरोपात विकली जाणारी निम्मं). डीटी ९९० ला त्यावर शिखर १०२ डेसिबेलपर्यंत जातं. रोजच्या खेळाला हे कमी नाही, आणि साध्या ३२ ओहमच्या हेडफोनला तर ती वायर रग्गड आहे. तेव्हा पहिली खरेदी म्हणून असली डोंगल वाईट नाही. फक्त पुढे इक्वलायझर लावणार असाल तर थांबा: त्यात एखादा पट्टा ६ डेसिबेल वाढवायचा तर आधी एकूण आवाज ६ डेसिबेल खाली आणावा लागतो, म्हणजे २.५ च्या जागी ५ व्होल्टची तयारी हवी. टेबलावरचा डॅक-अँप तिथे कामाला येतो.

आता तो अपवाद. अँपच्या बाजूचा इम्पीडन्स, म्हणजे आउटपुट इम्पीडन्स, हेडफोनच्या एक अष्टमांशाच्या आत असावा: ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहम किंवा कमी. समजा मदरबोर्डाच्या जॅकला ७५ ओहमचा रेझिस्टर आहे. मग ३२ ओहमच्या हेडफोनपर्यंत व्होल्टेजचा ३० टक्केच वाटा पोचतो. शिवाय बहुतेक डायनॅमिक हेडफोनचा इम्पीडन्स बासच्या पट्ट्यात वाढतो, त्यामुळे तिथे वाटा जास्त मिळतो आणि बास फुगतो. गुबगुबीत बासचं खापर हेडफोनवर फुटतं, दोष जॅकचा असतो. अनेक ड्रायव्हरच्या (आत आवाज काढणारे अनेक भाग असलेल्या) इअरफोनमध्ये तर सगळा सूरच बदलतो. असल्या ठिकाणी पेटी बदलल्यावर फरक खरोखर कानाला कळतो.

जोडणी

डॅक-अँपची यूएसबी वायर कॅबिनेटच्या मागे, थेट मदरबोर्डाच्या पोर्टात लावा. यूएसबी २.० पुरतं. हबमध्ये नको, मॉनिटरच्या पोर्टात नको. विंडोज १० च्या २०१७ च्या १७०३ आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ क्लास २ चा ड्रायव्हर विंडोजमध्येच आहे, त्यामुळे बहुतेक पेट्या लावल्या की चालतात.

सेटिंग्ज, सिस्टम, साउंड इथे जाऊन नवी पेटी डीफॉल्ट करा. मग तळाशी "मोअर साउंड सेटिंग्ज" उघडा आणि मॉनिटरचं एचडीएमआय ऑडिओ राइट क्लिक करून डिसेबल करा. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट झाला की तेच पुन्हा डीफॉल्ट होऊन बसतं आणि माणूस अर्धा तास वायरी हलवत राहतो. पेटीच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर २४ बिट, ४८००० हर्ट्झ निवडा. गेमचा आवाज साधारण ४८ हजारांतच बनलेला असतो. १९२ हजार निवडलं तर विंडोज तोच आवाज उगाच रूपांतरित करत बसतं, त्यात नवं काही येत नाही. कम्युनिकेशन्स टॅबवर "डू नथिंग" ठेवा, नाहीतर कॉल सुरू झाला की गेमचा आवाज आपोआप ८० टक्के उतरतो.

विंडोजचा आवाज १०० वर, आणि रोजचं कमीजास्त पेटीच्या नॉबने. पहिल्यांदा मात्र नॉब शून्यावर आणून मगच हेडफोन डोक्यावर चढवा. गेनचा (अँप आवाज किती पट वाढवतो त्याचा) खटका आधी "लो"वर. नॉब घड्याळाच्या दोनच्या पुढे नेऊनही पुरत नसेल तरच "हाय". उलट इअरफोन लावून नॉब जेमतेम हलवला तरी कान फाटत असतील, तर गेन जास्त आहे. साध्या नॉबमध्ये तळाच्या त्या पट्ट्यात डावा-उजवा आवाज सारखा नसतो, आणि पाठीमागे सूं असा आवाजही राहतो.

डॅक आणि अँप वेगवेगळे असतील तर डॅकचा लाइन-आउट (साधारण २ व्होल्ट) आरसीए वायरने अँपला द्या. हेडफोन-आउटमधून अँपला देऊ नका, दोन नॉब एकावर एक बसतात. ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड (डाव्या-उजव्याची ऋण टोकं वेगळी ठेवणाऱ्या) जॅकला साधा हेडफोन लावणारा अडॅप्टर कुणी दिला तर घेऊ नका. त्यात डाव्या-उजव्याचे ऋण टोक एकत्र शॉर्ट होतात आणि अँप जळू शकतो.

माइकचं काय? टेबलावरच्या बहुतेक डॅक-अँपला माइकची जागा नसते. एकाच चार-पट्ट्यांच्या पिनेचा हेडसेट असेल तर वाय-स्प्लिटर घ्या: हेडफोनची पिन पेटीत, माइकची गुलाबी पिन मदरबोर्डात, आणि विंडोजमध्ये इनपुट वेगळं निवडा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मागताना "हेडसेटचा स्प्लिटर, माइक वेगळा" असं स्पष्ट सांगा. नुसता स्प्लिटर मागितला तर दोन हेडफोन लावायचा हातात पडतो, दिसायला हुबेहूब तसाच.

गुणगुण, आणि पंख्याचा रेग्युलेटर

पेटी आली, किरकिर गेली, पण आता खालच्या सुरात सलग घूं आहे. ही वेगळी व्याधी. कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील तर त्या सॉकेटचं अर्थिंग चालत नाहीये. पीसीच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर अगदी थोडा करंट बॉडीवर सोडतात. अर्थ जोडलेला असेल तर तो निघून जातो, नसेल तर तुमच्या ऑडिओ वायरींतून वाट शोधतो. जुन्या इमारतींत तीन भोकांच्या सॉकेटचं तिसरं भोक पुष्कळदा नुसतं शोभेचं असतं. इलेक्ट्रिशियनकडून मीटरने बघून घ्या: फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. घूं घालवायला प्लगची अर्थ पिन काढण्याचा सल्ला मिळेल. तो कधीच ऐकू नका, बॉडीला फेज लागली तर झटका तुम्हाला बसेल.

अर्थिंग ठीक असूनही घूं असेल तर पीसी, मॉनिटर आणि अँप एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा. तरीही हटत नसेल तर मदरबोर्डाच्या मागे ऑप्टिकल पोर्ट आहे का बघा. त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे दोन यंत्रांमधलं नातंच तुटतं. वायरच्या टोकांवरची पारदर्शक टोपणं काढायची असतात. ती तशीच ठेवून घुसवणारे कमी नाहीत.

पंखा दोन-तीनवर असताना घूं वाढते आणि पाचवर नेला की जाते, असं असेल तर दोष डॅकचा नाही. काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या लहरीचा तुकडा कापून वेग कमी करतात, त्या कापाकापीचा गोंगाट त्याच लाइनवर येतो. पीसी दुसऱ्या लाइनवर घ्या. पंखा डोक्यावर असताना ओपन-बॅक हेडफोन घ्यायचा का, हेही ठरवा. डीटी ९९० सारख्या उघड्या पाठीच्या हेडफोनमधून पंख्याची घरघर थेट कानात येते आणि पावलांचे आवाज पुसून टाकते.

आवाजाचा पोत, आणि पावलं कुठून येतात

इक्वलायझर एपीओ आणि त्यावर पीस हा मुखवटा, दोन्ही फुकट. इन्स्टॉल करताना यादीत आपल्या पेटीवर खूण करा, पीसी रीस्टार्ट करा. डीटी ९९० चं टोचणं ८ ते ९ हजार हर्ट्झच्या आसपास असतं. ८५०० हर्ट्झला उणे ५ डेसिबेल, क्यू (फिल्टर किती अरुंद ते) २ असा एक फिल्टर लावा आणि कानाला पटेल तसा थोडा सरकवा. स्फोटांखाली पावलं दबत असतील तर १०० हर्ट्झच्या खाली ३ डेसिबेल उतरवा. जड बास त्याच्या वरचे हलके आवाज झाकतो. कुठेही काही वाढवलं असेल तर प्रीअँप (इक्वलायझरमधली एकूण पातळी) तेवढंच खाली घ्या. ६ ची वाढ असेल तर उणे ६, नाहीतर मोठ्या आवाजाला फाटका सूर येईल. पेटी दुसऱ्या यूएसबी पोर्टात लावली की विंडोज तिला नवीन पेटी समजू शकतं, मग खूण पुन्हा करावी लागते. एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये (पेटी एकट्याने ताब्यात घेऊन) किंवा एएसआयओवर (स्टुडिओ प्रोग्रामच्या थेट ड्रायव्हरवर) चालणारा प्रोग्राम हा इक्वलायझर वगळून जातो.

दिशेसाठी नियम एकच: थर एकच. व्हॅलरंटमध्ये एचआरटीएफ (हेडफोनमध्ये आवाजाला दिशा देणारी गेमची सोय) चालू असेल तर विंडोज सॉनिक, डॉल्बी ॲटमॉस आणि पेटीवरचं ७.१ चं बटण सगळं बंद. काउंटर-स्ट्राइक २ लाही हेच. गेमने आवाजाला एकदा दिशा दिलेली असते. त्यावर दुसरा थर चढला की समोरचं आणि मागचं एकमेकांत मिसळतं.

खेळताना मधूनच तडतड आली किंवा आवाज क्षणभर तुटला तर पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा आणि पोर्ट बदला. तरी राहिली तर लेटन्सीमॉन (ड्रायव्हरचा उशीर मोजणारा प्रोग्राम) दहा मिनिटं चालवून कुठला ड्रायव्हर अडवतोय ते बघा. वायफाय किंवा ग्राफिक्सचा निघाला तर तोच अपडेट करा. नवी पेटी किंवा जाड वायर घेऊन ही तडतड जात नाही.